डावं पान आधी

परवा शाळेच्या माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर निमंत्रण आलं. गुलाबाची फुलं, दोन समया आणि मधोमध सोनेरी अक्षरं: ‘आपल्या शाळेचे लाडके चित्रकला शिक्षक सेवानिवृत्त होत आहेत. शनिवारी सकाळी शाळेच्या सभागृहात निरोप समारंभ. सर्वांनी अगत्य यावे.’ खाली मोठ्या बाईंचं, म्हणजे आमच्या मुख्याध्यापिकांचं नाव. त्याखाली लोकांनी भराभर हात जोडले, बदाम पाठवले, एकाने तर केक पाठवला.

चित्रकला शिक्षक! मी फोन पलंगावर आपटला. त्या माणसाला धड आंबा काढता येत नव्हता. काढलाच तर पोरं विचारायची, ‘सर, हा बटाटा आहे ना?’ आणि ते म्हणायचे, ‘तुझी साक्ष तशी असेल तर तसं लिही.’ असा माणूस आपणहून चित्रकला शिकवायला जाईल का? त्यांना तिथे ढकललं गेलं, आणि दहा वर्षांत सगळे ते इतके निवांत विसरले की आता तीच त्यांची ओळख म्हणून सोनेरी अक्षरात छापतात. सर इतिहास शिकवायचे. सातवीला मध्ययुग शिकवायचे, आणि त्यांच्यासारखं शिकवणारं माणूस मला पुढे कॉलेजातही भेटलं नाही. आज मी सांताक्रूझला मध्ययुगीन इतिहासात एम.ए. करते आहे ती त्यांच्यामुळे, आणि त्यांचा इतिहास सुटला तो माझ्यामुळे. पहिली गोष्ट मी सगळ्यांना सांगते. दुसरी परवापर्यंत घराबाहेर कुणालाच सांगितली नव्हती.

आमची शाळा मरोळला, औद्योगिक वसाहतीच्या मागच्या अंगाला. वर्गात अर्धी मुलं कोकणातली, ज्यांचे आजोबा गिरणीत होते आणि वडील आता कुरिअर, बँक, वॉचमन असं काहीबाही करत होते. उरलेल्यांत आम्ही, बुलढाणा-जालन्याकडून आलेल्या बौद्ध घरांतले. माझे पप्पा वसाहतीतल्या एका छापखान्यात मशीनवर होते. सर मात्र मुलुंडहून दोन बस बदलून यायचे. बुटके, किंचित पुढे वाकलेले, खिशात एक लाल पेन आणि पिशवीत साबणाची डबी. त्या डबीत साबण नसायचा. ओलं फडकं असायचं.

ते फडकं म्हणजे त्यांचं साम्राज्य. ‘आज दिल्लीची सल्तनत,’ म्हणत ते फळ्यावर फडकं गरागरा फिरवायचे. काळ्या फळ्यावर आणखी काळा, चकाकता डाग पडायचा. मग खडू न घेता ते बाजूला उभे राहायचे आणि आम्ही सगळे डाग वाळताना बघायचो. आधी कडा वाळायच्या. ‘कडाच का?’ ते विचारायचे. कुणीतरी म्हणायचं, तिथे पाणी कमी. ‘बरोबर. लांबच्या सुभेदाराला दिल्लीची भीती कमी.’ मग मध्येच एखादा कोरडा ठिपका उमटायचा, तो बंगाल. खाली एक, तो आपला दख्खन. शेवटी फळ्याच्या मधोमध चार बोटं ओल उरायची आणि सर गंभीरपणे सांगायचे, ‘हे उरलं. ह्याचाही बादशहा स्वतःला जगाचा राजा म्हणवतो.’ पावसाळ्यात साम्राज्य तासभर टिकायचं. मार्चमध्ये पाच मिनिटांत खलास. पंख्याखालची बाजू आधी वाळू लागली की ते ओरडायचे, ‘पंखा बंद कर रे, तिकडे बंड होतंय!’ नकाशात रेघ मारून रंगवलेलं राज्य त्यांना मान्यच नव्हतं. सारा वसूल करणारा माणूस जिथपर्यंत पोचतो तिथपर्यंत राज्य, त्यापुढे नुसता गर्व, असं ते म्हणत.

दुसरा त्यांचा छंद, साक्ष. ‘असे म्हणतात’ हे दोन शब्द त्यांच्या वर्गात शिवीसारखे होते. कोण म्हणतात? त्याने पाहिलं का? तेव्हाच लिहिलं की म्हातारपणी? खाली नाव आहे का? पाहिलं आणि तेव्हाच लिहिलं तर पाच गुण. पाहिलं पण उशिरा लिहिलं तर अडीच. नाव नसेल तर शून्य, मग मजकूर कितीही झकास असो. हा नियम बादशहाच्या दरबारी लेखकाला होता, तसाच आम्हालाही. गृहपाठ एक दिवस उशिरा दिला की अडीच. एका मुलाने तापाची चिठ्ठी तीन दिवसांनी आणली तर सरांनी हजेरीपटावर त्याची अर्धी गैरहजेरी माफ केली. मोठ्या बाईंनी त्यावरून सरांना चांगलंच झापलं होतं म्हणे. शिपाईमामा दारात येऊन ‘सर, तुम्हाला ऑफिसात बोलावलंय’ म्हणाले की सर विचारायचे, ‘लेखी आहे?’ मामा वैतागले आणि शेवटी स्वतःच चिठ्ठी लिहून, खाली सही करून आणायला लागले. सरांनी एकदा त्यांना पैकीच्या पैकी गुण दिले. मामांनी ती चिठ्ठी घडी घालून पाकिटात ठेवली होती.

ते सगळ्यांना आवडायचे असं मी म्हणणार नाही. हट्टी होते. एखाद्याची खोड मोडायची ठरवली की त्याला अख्खा वर्ग संपेपर्यंत ‘कशावरून?’ विचारत उभं करायचे. एका मुलाने विचारलं होतं, ‘सर, हा सुलतान चांगला होता की वाईट?’ तर म्हणे, ‘कुणाला विचारू? त्याच्या काजीला, त्याच्याकडून इनाम घेतलेल्या पुजाऱ्याला, की ज्याच्या शेतातून त्याचे घोडे गेले त्याला?’ मुलगा म्हणाला, ‘परीक्षेत काय लिहू ते सांगा ना.’ सर इतके चिडले की डबी विसरून वर्गाबाहेर गेले. तेव्हा आम्हाला हसू आलं होतं. आता मला त्या मुलाचा नाही, परीक्षेचा राग येतो.

एकदा त्यांनी आम्हाला महाकाली लेण्यांना नेलं. शाळेपासून चालत. आत गोल खोलीत दगडी स्तूप बघून मी मोठ्याने म्हणाले, ‘हे आमचं आहे.’ लगेच मागून एक जण म्हणाला, ‘काय पण! नाव महाकालीचं आहे, म्हणजे आमचं.’ दोघांची जुंपली. दुसरे कुणी सर असते तर म्हणाले असते, सगळ्यांचंच आहे, भांडू नका, चला रांगेत. ह्यांनी आम्हाला दोघांना तिथेच जमिनीवर बसवलं आणि वह्या उघडायला लावल्या. मी डाव्या पानावर त्याची बाजू लिहायची, त्याने माझी. मला ते अजिबात पटलं नव्हतं. मी रडकुंडीला येऊन लिहिलं की इथे लोक वर्षानुवर्षं देवीच्या नावाने येतात, त्यांच्या आजीचीही आजी यायची. त्याने लिहिलं की स्तूप देवीच्याही आधीपासून इथे बसलाय आणि त्याला कुणी विचारलं नाही. माझी बाजू मला कधी इतकी छान मांडता आली नव्हती.

डावं पान आधी, हा त्यांचा सगळ्यात मोठा नियम. फुलस्केप वहीत प्रत्येक धड्याला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर समोरच्याची बाजू. उजव्यावर आपली. डावं पान पहिल्या दिवशी, उजवं दुसऱ्या दिवशी, उजव्याच्या तळाशी सही. आणि दोन्ही पानांच्या डोक्यावर लाल शाईत एक ओळ, ‘कोण बोलतंय?’ आणि पुढे त्या माणसाचं काम. छावणीतला पखालवाला. पराभूत किल्ल्यातला कारकून. यात्रेकरू. पेठेतला सावकार. कुणीतरी विचारलं, आधी आपली बाजू का नाही? सर म्हणाले, ‘ती घरून पाठ करून येता की. तिला माझी काय गरज?’

तर त्या बुधवारी डाव्या पानावर एक लुटली गेलेली पेठ होती. स्वारी आपल्या सैन्याची. बोलणारा त्या पेठेतला कापडाचा व्यापारी. मी लाल शाईत वर लिहिलं, ‘कोण बोलतंय? लुटल्या गेलेल्या पेठेतला व्यापारी.’ आणि खाली मन लावून लिहिलं की ते आले, माझ्या दुकानाची दारं फोडली, गाठोडी घोड्यावर लादली, माझ्या मुलाने पाणी पाजलं तरी थांबले नाहीत. त्यांचे लोक त्यांना शूर म्हणत असतील, माझ्या लेखी ते लुटारू. सर माझ्या मागे उभं राहून वाचत होते. ‘मुलाने पाणी पाजलं’ ह्या वाक्यावर त्यांनी फक्त ‘हं’ केलं. ते त्यांचं सगळ्यात मोठं कौतुक असे. उजवं पान, म्हणजे स्वारीतल्या मावळ्याची बाजू, दुसऱ्या दिवशी लिहायचं होतं. मी ते घरीच मनात रचून ठेवलं होतं. त्याच्या गावातला दुष्काळ, त्याच्या पायातली फाटकी वहाण, आणि ती पेठ कुणाच्या करावर पोसली गेली होती ते.

माझी मैत्रीण प्राची आमच्याच मजल्यावर राहायची. तिला ताप होता. संध्याकाळी तिने विचारलं, ‘आज काय झालं गं इतिहासात? फोटो टाक ना.’ मी मम्मीचा फोन घेऊन पानाचा फोटो काढला. ट्यूबलाइटमुळे पानाच्या वरच्या भागावर माझ्या हाताची सावली येत होती. म्हणून मी वरची चार बोटं सोडली आणि खालचा मजकूर तेवढा नीट घेतला. वर लाल ओळ असते हे प्राचीला सांगायला हवं होतं का? वर्गातल्या कुठल्याही मुलाला ते सांगावं लागलं नसतं.

फोटो प्राचीच्या आईच्या फोनवर गेला. तिने तो वाचला, आणि पालकांच्या ग्रुपवर टाकला. वर लिहिलं, ‘सातवीच्या पोरांना आपलं सैन्य लुटारू म्हणून शिकवतात, बघा.’ पप्पा छापखान्यातून घरी आले तेव्हा तोच फोटो त्यांच्या फोनवर, शेजारच्या मशीनवाल्याने पाठवलेला. त्यांनी चपलाही काढल्या नव्हत्या.

‘अक्षर तुझं आहे ना?’

मी हो म्हणाले. वरची ओळ, डावं पान, उजवं पान, सगळं भडाभडा सांगितलं. म्हटलं, ‘उद्या मी वही दाखवते ना सगळ्यांना. वही दाखवली की मिटेल.’

पप्पा खुर्चीत बसले. ‘कुणाला दाखवशील? जे भडकलेत त्यांना? सरांचं राहील बाजूला, बाळा. वहीवरचं आडनाव वाचतील आधी. मग हे पान सरांनी शिकवलेलं राहणार नाही, आपण लिहिलेलं होईल.’

‘पण पप्पा, ते खोटं आहे ना?’

‘मला माहितीये. तुला माहितीये. आपण इथे राहतो, हे पण माहितीये.’ मम्मी दारात उभी होती. पप्पांनी एकदा तिच्याकडे पाहिलं. ‘वही घरी ठेव. विचारलं तर हरवली म्हण.’

मी कितीतरी वर्षं पप्पांवर रागावले होते. नंतर कळलं की ते बरोबर बोलत होते, आणि मग राग आणखी वाढला. आपल्या बापाचं असलं बोलणं बरोबर ठरावं, अशी पाळी ज्यांनी आणली त्यांच्यावर.

दुसऱ्या दिवशी वही दप्तरातून काढायची राहून गेली की मी मुद्दाम काढली नाही, हे मला अजून ठरवता आलेलं नाही. फाटकाशी गर्दी होती. शाळेत ज्यांनी कधी पाऊल ठेवलं नव्हतं असे गळ्यात रुमाल टाकलेले दादा लोक, काही पालक, आणि दोघंतिघं फोनवर चित्रीकरण करणारे. सर पहिल्याच तासाला आत आले. हजेरी घेतली नाही. ‘सगळ्यांनी वह्या द्या,’ म्हणाले. बाकाबाकावरून फिरून त्यांनी स्वतः वह्या गोळा केल्या. माझ्या हातातून घेतली तेव्हा माझ्याकडे बघितलंही नाही. कपाटात ठेवून कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

मग ऑफिसात बोलावणं सुरू झालं. आधी सर. बाहेरच्या बाकावर आम्हा तीन मुलींना बसवलं, कारण त्यानंतर मुलांना एकेक करून आत घेऊन अक्षर तपासायचं ठरलं होतं. हो, अक्षर! बारा वर्षांच्या पोरांचं! दार नीट लागत नसे, त्यामुळे सगळं ऐकू येत होतं.

‘सर, वह्या दाखवा ना ह्यांना,’ मोठ्या बाई म्हणत होत्या. ‘एकदा बघू देत. विषय संपेल.’

‘न तपासलेली वही मी कुणाला दाखवत नाही.’

‘ओ मास्तर, नाटकं नकोत,’ एक दादा म्हणाला. तो आमच्याच शाळेचा माजी विद्यार्थी. ‘हे कुणी लिहिलंय तेवढं सांगा. कोणतं पोरगं आहे, कुठल्या घरातलं आहे, कळू दे ना आम्हाला पण.’

सर फोन डोळ्यांजवळ नेऊन बघत असणार. मग त्यांचा तोच वर्गातला कोरडा आवाज आला. ‘सही नाहीये. बिनसहीच्या कागदाला माझ्याकडे शून्य.’

‘म्हणजे तुम्ही हे शिकवलं नाही?’

‘शिकवलं की. हे डावं पान. उजवं आजच्या तासाला होतं.’

‘डावं-उजवं काय लावलंय? आपलं सैन्य लुटारू होतं का, हो की नाही ते सांगा!’

‘त्या व्यापाऱ्याला विचारलंत तर हो.’

त्यानंतर जो आरडाओरडा झाला त्यात कुणाचंच कळेना. मी बाकावर बसून विचार करत होते, आणि तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. कपाटात चाळीस वह्या होत्या. चाळीसही वह्यांत त्या पानावर लाल ओळ होती. ते कपाट उघडलं असतं तर सर पाच मिनिटांत सुटले असते. आणि सहाव्या मिनिटाला माझं अक्षर सापडलं असतं. जन्मभर साक्ष साक्ष करत आलेला माणूस चाळीस साक्षीदार कुलपात ठेवून आत उभा होता. मला फक्त उठायचं होतं. दार ढकलून म्हणायचं होतं, ‘फोटो मी काढलाय, ओळ माझ्याकडून कापली गेली.’ मी उठले नाही. पप्पांचं ‘आडनाव वाचतील आधी’ कानात होतं, हे खरं. पण मी घाबरले होते, हे त्याहून खरं.

आवाज जरा उतरला तेव्हा सर म्हणाले, ‘मी इतिहास सोडतो. कसं हवं तसं लेखी देतो. पण एकाही मुलाला आत बोलवायचं नाही.’

‘चला, मिटलं,’ मोठ्या बाई म्हणाल्या. आणि मला आजही सगळ्यात जास्त चीड येते ती त्या एका शब्दाची. मिटलं!

सर बाहेर आले. बाकापाशी क्षणभर थांबले. ‘उजवं पान राहिलं गं,’ एवढंच म्हणाले आणि जिन्याने खाली गेले.

वह्या आठवड्याने शिपाईमामांनी परत आणून दिल्या, न तपासलेल्या. नव्या बाईंनी आम्हाला दुसरी वही घालायला लावली आणि गाईडमधली प्रश्नोत्तरं लिहून दिली. राजा चांगला की वाईट ते पहिल्याच ओळीत ठरलेलं. मला त्या वर्षी इतिहासात वर्गात सगळ्यात जास्त गुण मिळाले. सरांना पाचवी-सहावीची चित्रकला दिली आणि वर्गात इतिहासाचा विषय काढायचा नाही असं लिहून घेतलं. त्यांनी ते तंतोतंत पाळलं. काही पालक म्हणायचे, बरंच झालं, डोक्याने जरा हललेलेच होते. ज्यांनी त्यांना कधी दोन मिनिटं ऐकलं नाही त्यांनी हे म्हणावं!

प्राचीला सगळं माहीत होतं. फोटो कुणाकडून आला ते तिच्या आईलाही ठाऊक होतं, पण दोघींनी माझं नाव कुणालाच सांगितलं नाही. तिची आई काही दिवसांनी मम्मीला जिन्यात भेटली तेव्हा म्हणत होती, ‘माका काय ठावक गे असां होतलां? माका वाटलां, शाळेत इचारतले फक्त.’ तिच्यावर मी रागावू पाहिलं. पण तिने निदान स्वतःच्या नावाने लिहिलं होतं.

आठवीत असताना एकदा मी सहावीच्या वर्गावरून चालले होते. चित्रकलेचा तास. पोरं डोंगर आणि त्यामागचा सूर्य काढत होती. सर फळ्यापाशी उभे होते. त्यांनी पिशवीतून साबणाची डबी काढली, ओलं फडकं फळ्यावर गोल फिरवलं आणि बाजूला उभे राहिले. एक शब्द बोलले नाहीत. पोरांना वाटलं, फळा पुसताहेत. मी दारात उभी राहून तो डाग शेवटपर्यंत वाळताना बघितला. आधी कडा वाळल्या. सरांनी मला पाहिलं की नाही, कोण जाणे. मी मागे न बघता स्वच्छतागृहात जाऊन रडले.

निमंत्रण आल्यावर मी ती फुलस्केप वही माळ्यावरून काढली. डावं पान तसंच. लाल ओळ तशीच, जरा फिकी. उजवं पान कोरं. त्या कोऱ्या पानावर मी सगळं लिहिलं. हात, सावली, फोटो, बाक, कपाट. आणि रविवारी सकाळी मुलुंडची बस पकडली.

दार सरांनीच उघडलं. दहा वर्षांत केस गेले होते, वाक वाढला होता. मी नाव सांगायच्या आत त्यांचं लक्ष माझ्या हाताकडे गेलं. ‘वही आणलीस?’ म्हणाले.

खिडकीपाशी बसून त्यांनी उजवं पान दोनदा वाचलं. मग म्हणाले, ‘कोण बोलतंय, ते वर नाही लिहिलंस.’ त्यांनी खिशातलं लाल पेन पुढे केलं. मी वर लिहिलं, ‘फोटो काढणारी मुलगी.’ खाली सही केली. पूर्ण नाव, आडनावासकट.

सरांनी पेन परत घेतलं आणि पानाच्या कोपऱ्यात लिहिलं, २½/५.

मी त्यांच्याकडे बघतच राहिले. ‘सर, अडीच?’

‘उशिरा आली.’

‘मी बारा वर्षांची होते!’ माझा आवाज चढला. मला हसू यायला हवं होतं बहुतेक, पण रागच आला. दहा वर्षं मी हे पोटात घेऊन फिरते आहे, आणि हा माणूस गुण कापतोय!

‘म्हणूनच अडीच,’ ते म्हणाले. ‘तेव्हा दिली असतीस तर पाच दिले असते. आणि तुझ्या वडलांना घर बदलावं लागलं असतं. अडीच घे तू. चांगले आहेत.’

मी रुमाल शोधत होते. ते दुसरीकडे बघत बसले. जरा वेळाने मी सांगितलं, ‘शनिवारी मी हे स्टेजवर वाचणार आहे. सगळ्यांसमोर.’

‘वाच,’ सर म्हणाले. ‘नाव तुझं आहे, तुला वाटलं तर वाच. पण ह्याचं डावं पान कुठाय? मोठ्या बाई बोलू देत आधी.’

‘त्यांची कसली बाजू, सर? त्यांनी तुमचं...’

‘नियम आहे,’ ते म्हणाले, आणि चहा ठेवायला आत गेले.

काल रात्रीच्या जेवणाआधी मी ते डावं पान लिहिलं. दात खाऊन लिहिलं. वर लाल शाईत, ‘कोण बोलतंय? मुख्याध्यापिका.’ खाली लिहिलं की फाटकाशी गर्दी होती, वर्गात लहान मुलं होती, गर्दीच्या हातात काय आहे ते दिसत नव्हतं, आणि मी घाबरले होते. हेच वाक्य माझ्या पानावरही आहे. ते माझ्या लक्षात आलं तेव्हा पेन थांबलं. मग मी ते पान पुरं केलं. बाई त्या दिवशी घाबरल्या हे मी समजू शकते; पण गर्दी संध्याकाळी पांगली, आणि त्यानंतर दहा वर्षं रोज सकाळी त्यांनी शांतपणे त्याच माणसाला चित्रकलेच्या वर्गावर पाठवलं. तेव्हा फाटकाशी कुणीच नव्हतं.

शनिवारी बाई पहिल्या रांगेत असतील. तो माजी विद्यार्थी दादाही येतोय. आता तो शाळेच्या समितीवर आहे, शाल तोच घालणार असं ग्रुपवर आलंय. माझे अडीच गुण का कापले ते मला कळलंय. माझा दोष तेवढा; उरलेले अडीच त्या रांगेत बसलेल्यांच्या खात्यावर आहेत, आणि मी ते वाचून दाखवणार आहे. डावं पान आधी.